दुखणे सांगणे हीही शिस्तच

गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. पण त्यातली होतकरू मुले कशी घडतात, ते आपणही पाहू. एकाच बाजूला कंबर वळवून शेकडो वेळा चेंडू मारला की पाठीवर ताण येतो. टायगर वुड्ससारख्या खेळाडूच्या पाठीवर २०१७ साली चौथी शस्त्रक्रिया झाली. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी अंग मोकळे करून घेतात, दोन्ही बाजूंचा व्यायाम देतात, विश्रांतीचा दिवस ठरवतात. किशोरवयात ८ ते १० तास झोप हवीच.

गोल्फमध्ये पंच बहुधा जवळ नसतो. आपली चूक खेळाडू स्वतःच सांगतो. हाच प्रामाणिकपणा शरीराबाबतही लागतो. म्हणून आम्ही आईबापांना सांगतो, कबड्डी खेळणारी लेक पाठ दुखते म्हणाली, तर ‘नाटक करते’ म्हणू नका. सराव थांबवा, डॉक्टरांना दाखवा.