माळव्याचा चिखल आणि तंबूतील रात्र

गोव्याच्या पावसात वाढलेल्या माणसाला इंदूरचा पाऊस किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. तेथे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडच्या जेमतेम एक-तृतीयांश. तरीही पावसाळ्यात जानापाव, चोरल किंवा पाताळपाणीच्या परिसरात तंबू ठोकून रात्र काढू पाहणाऱ्याने या आकड्यावर विसंबू नये. माळव्यात खरी अडचण आभाळापेक्षा जमिनीची असते.

आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र. पाऊस थांबला की पाणी झिरपते आणि पाय ठेवण्याजोगी वाट लवकर मिळते. माळव्याचे पठार मात्र बेसाल्टचे. त्याच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीतील बारीक कण पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यातील भेगा पहिल्या पावसांत मिटतात आणि मग पाणी खाली मुरणे फार मंदावते. अशा मातीत तंबूची खुंटी सहज शिरते आणि तितक्याच सहज निघते. म्हणून तेथे लांब खुंट्या तिरप्या ठोकून वर जड दगड ठेवावा लागतो. शेतापेक्षा मुरमाड उंचवटा केव्हाही बरा.

या चिखलाने इतिहासातही आपली नोंद करून ठेवली आहे. १८०४ साली कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज यशवंतराव होळकरांच्या मागावर मुकुंदरा खिंडीपलीकडे उतरली आणि जुलैत होळकर उलटताच मागे वळली. भर पावसातील ही माघार ऑगस्टअखेर आग्र्याला संपली. रुतलेल्या तोफा निघेनात, तेव्हा त्या निकामी करून वाटेतच सोडाव्या लागल्या. होळकरांच्या घोडदळाचे श्रेय याने उणे होत नाही. पण पाऊस त्यांच्या बाजूने लढला हेही खरे. माघारीच्या वाटेत आडवी आलेली चंबळ उगम पावते ती इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर!

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि माळव्याची रात्र थंडाव्यासाठी प्रसिद्ध आहे. हाच थंडावा ओल्या अंगाला सोसत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओली जमीन ती अंगाखालून ओढून घेते. अनुभवी मंडळी यासाठीच पांघरुणाआधी अंथरुणाची काळजी घेतात आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात.

थंडी निभावता येते. ओढ्याचा भरवसा मात्र अजिबात धरू नये. भिजलेली काळी माती आणि कातळ पाणी लवकर मुरू देत नाहीत, त्यामुळे वरच्या अंगाला कोसळलेली सर डोक्यावर ऊन असतानाही खाली लोंढा होऊन येते. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर सहलीला आलेली माणसे अशाच लोंढ्यात वाहून गेली आणि त्यांतील काही दगावली. काठापासून दूर, उंचावर तंबू ठोकणे हा तेथे सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

सभोवती पाणीच पाणी, पण पिण्याजोगा घोटही गाळून, उकळून घ्यावा लागतो, आणि ओले सरपण पेटता पेटत नाही. शहरातील नळाची आठवण येते ती अशा वेळी. इंदूरच्या नळाला १९७८ पासून येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी पठाराचा चढ चढवून आणलेले असते. चोरलच्या रानातून भिजून परतलेला माणूस त्याच पाण्याची बादली गरम करायला लावतो आणि आधी पाय धुतो. काळी माती निघायला दोन बादल्या लागतात.