नजर आधी पोचते, बॅट नंतर

‘बॉलवरची नजर हटवू नकोस!’ शाळेपासून हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच.

ताशी 140 किलोमीटरचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात तुमच्यापर्यंत येतो. डोळे त्याच्या मागे सलग धावूच शकत नाहीत. 2000 साली मायकल लँड आणि पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश संशोधकांनी बॅट्समनच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांची नजर टिपली. बॉल मशीनमधून सुटताना नजर त्याच्यावर होती. मग ती बॉलला मागे टाकून थेट टप्प्याच्या जागी गेली आणि तिथे त्याची वाट बघत थांबली. ही उडी नवखाही मारतो. मुरलेला बॅट्समन ती लवकर मारतो, एवढाच फरक.

समोर मशीनऐवजी बॉलर असेल, तर अंदाज आणखी आधी सुरू होतो. बॉल हातातून सुटताक्षणी व्हिडिओ थांबवला, तरी अनुभवी खेळाडू तो कुठे पडेल हे नवख्यांपेक्षा चांगलं सांगतात. ते बॉलरचा हात आणि मनगट वाचतात. त्यांचे डोळे काही वेगळे नसतात; कुठे बघायचं, हे खेळून खेळून कळलेलं असतं.

आपल्या जालन्याचा विजय झोल आठवा. 2011 मध्ये कूचबिहार ट्रॉफीत त्याने आसामविरुद्ध 467 बॉलमध्ये नाबाद 451 रन्स ठोकले. पुढे 2014 च्या अंडर-19 वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कॅप्टन होता. इतके बॉल खेळायचे, म्हणजे तितक्या वेळा बॉलरचा हात वाचायचा!

म्हणून सिलेक्शनला दोन बॉल हुकले आणि कुणी ‘रिफ्लेक्स स्लो आहेत’ म्हणालं, तर लगेच मान्य करू नका. कदाचित तुमची नजर चुकीच्या जागी असेल, आणि ती सुधारता येते. महागडी मशीन परवडत नाही? फार बिघडत नाही, मशीनला मनगट नसतं. त्यापेक्षा कॉलेजच्या ग्राउंडवरचे पाच वेगवेगळे बॉलर खेळा. बॅटिंग नसेल तेव्हा नेटच्या मागे उभे राहा. बॉल सुटला रे सुटला की ‘आखूड’ किंवा ‘पुढे’ असं ओरडा. किती बरोबर आले, ते मित्राला मोजू द्या. महिनाभराने आकडा पुन्हा बघा.