गहू आणि मेंदू : भीती किती, धोका कोणाला?

गव्हामुळे स्मरणशक्ती क्षीण होते, या समजुतीने गेल्या काही वर्षांत अनेक सुशिक्षित घरांतून पोळी हद्दपार झाली. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड पर्लमटर यांच्या ‘ग्रेन ब्रेन’ (२०१३) या पुस्तकाने या भयाला बळ दिले. पुस्तक तडाखेबंद खपले. परंतु खप म्हणजे पुरावा नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सीलिअॅक रोग नसलेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. ग्लुटेनचे सेवन आणि बुद्धीची तल्लखता यांचा संबंध तीत आढळला नाही.

तथापि काही मोजक्या व्यक्तींच्या बाबतीत धोका खराच आहे. गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनाविरुद्ध त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. बहुधा आतड्यास इजा होते, त्यास सीलिअॅक म्हणतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्डच्या डॉ. हाजीवासिलिऊ यांनी मज्जाविकारांशी असलेला त्याचा संबंध पुढे आणला. ‘ग्लुटेन अटॅक्सिया’ या विकारात शरीराचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर आघात होतो. चाल डगमगते, उच्चार अडखळतात. पोटाची तक्रार पुष्कळदा नसतेच. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. नष्ट झालेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

अशी शंका येताच स्वतःच्या मनाने गहू सोडणे ही मोठी चूक. गहू आहारात असतानाच रक्ततपासणी विश्वसनीय ठरते. आधीच वर्ज्य केल्यास निदान निसटते. निदान झाल्यावर मात्र पथ्य काटेकोर हवे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ निर्धोक आहेत; पण गव्हाच्याच चक्कीवर दळलेली ज्वारी चालत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकघरात हिंगाचे स्थान मोठे. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

उरलेल्यांनी पोळीस दोष देण्यापूर्वी ‘बी-१२’ जीवनसत्त्वाकडे पाहावे. ते कोणत्याही धान्यात नसते; शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. उतारवयात त्याचे शोषणही मंदावते. विसरभोळेपणा आणि पायांना मुंग्या, ही दोन्ही लक्षणे त्याच्या अभावीही उद्भवतात. साध्या रक्ततपासणीने ही उणीव कळते, आणि वेळीच कळल्यास गोळ्या वा इंजेक्शनांनी भरूनही निघते.