'कोसला' अर्ध्यावर का सोडली?

मराठीचा प्राध्यापक असूनही मी 'कोसला' पुरी वाचलेली नव्हती, ही कबुली आधीच देतो. बी.ए.ला असताना खडवलीहून कल्याणला जाताना लोकलमध्ये ती वाचायला घेतली. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात बापाचे पैसे उधळू लागला, तिथे मिटली. मित्र म्हणाले, तुला वाङ्मय कळत नाही.

पात्र आवडत नाही म्हणून पुस्तक सोडणे आपल्याकडे अडाणीपणाचे मानतात. पण नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची, आणि बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही १९६३चाच. बागुलांची माणसे तरी कुठे गोड आहेत? तो संग्रह मात्र मी एका रात्रीत संपवला. म्हणजे अडचण पात्राच्या स्वभावाची नव्हती.

पांडुरंग शिक्षण अर्धे टाकून सांगवीला परततो, हे मला मित्रांकडून कळले. तिथे बापाचे घर आहे, शेती आहे. घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या मला नापास होणे परवडणारे नव्हते. आणि परतायचे कुठे? ज्या खेड्याला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संकुचितपणाचे, अज्ञानाचे आगर ठरवले, तिथे?

पांडुरंगच्या तुटलेपणाला समीक्षक अस्तित्ववाद म्हणत आले. त्या तुटलेपणाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे मला वर्गात कोणी सांगितले नाही. मलाही तेव्हा ते मांडता आले नाही. नुसते पुस्तक मिटले.

यंदा ती मला शिकवायची आहे. पुन्हा पहिल्या पानापासून घेतली आहे. सध्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आलो आहे. तिथे माझा राग चालत नाही.