आयपी ॲड्रेसवरून तुमचं घर सापडतं का?

आजच्या भागाला निमित्त झाला आमच्या कसाऱ्यातला एक पोरगा. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे त्याचं. मोबाइलवर गेम खेळताना कुणाशी तरी वाजलं आणि समोरच्यानं मेसेज टाकला, "तुझा आयपी मिळालाय, आता घरीच येतो." पोरगा दोन रात्री झोपला नाही.

मी म्हटलं, मोबाइलचं नेट चालू कर आणि आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर जा. गाव काय आलं? मुंबई! आता कसारा म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन, पुढे घाट. सीएसएमटी इथून सुमारे १२० किलोमीटर. येणारा तिकडंच शोधत बसेल.

असं का होतं? आयपी पत्ता आपला नसतोच, तो कंपनीचा असतो. आपल्याला तो वापरायला मिळतो, तोही बऱ्याचदा तात्पुरता. आपलं मोबाइल नेट कंपनीच्या ज्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडतं, तिथलं शहर साइट दाखवते. शिवाय जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच. पुरणार कसे? म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यावर एका वेळी शेकडो ग्राहक चालवतात. (नव्या आयपीव्ही६मध्ये ही टंचाई नाही.) थोडक्यात, त्या गेमवाल्याला फार तर कंपनीचं नाव आणि अंदाजे शहर कळेल. नाव, नंबर, घर नाही.

मग कळतं कुणाला? कंपनीला. कोणता पत्ता कोणत्या क्षणी कुणाकडं होता, याची नोंद तिला किमान २ वर्षं ठेवावी लागते. पोलीस पत्ता, तारीख आणि वेळ देऊन ती मागतात. पत्ता सामाईक असेल तर पोर्ट नंबरही लागतो. आणि खरी भीती इथं आहे, कारण नोंद चुकली की माणूस चुकतो.

२००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपीचा माग काढत बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचललं. जवळपास ५० दिवस तो येरवड्यात होता. नंतर कळलं, तो पत्ता त्याचा नव्हताच! कंपनीकडून आलेली माहितीच चुकीची होती. पन्नास दिवस, मंडळी. एका आकड्यापायी.

वेळेचा घोळ तर सहज होतो. परदेशी साइटच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक वेळेत असतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं. तेवढा फरक विसरला की त्याच पत्त्यावर दुसराच ग्राहक सापडतो.

हे ऐकून पोरगा हसायचा थांबला. त्याच्या दुकानातलं वायफाय त्याच्या नावावर, आणि वापरतं कोण? फॉर्म भरायला आलेली मुलं, शेजारचा चहावाला, गाडीची वाट बघणारे. यातल्या कुणीही काही टाकलं तरी पोलीस आधी याच्याच दारात. २०११ च्या सायबर कॅफे नियमांत गिऱ्हाइकांची नोंद किमान वर्षभर ठेवायला सांगितलंय, ते याच्या गावीही नव्हतं.

धमकीचा स्क्रीनशॉट ठेवून त्यानं गेमवाल्याला ब्लॉक केलं. मग स्टूल घेतलं आणि भिंतीवर खडूनं लिहिलेला वायफायचा पासवर्ड आधी पुसला.