इन्सुलिन गोळीने का घेत नाहीत?

वस्तीत शुगर तपासायला गेलो की आयाबाया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, सुईऐवजी गोळी नाही का?"

इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. गिळले तर डाळीसारखे पोटातच पचून जाईल. म्हणून ते कातडीखाली टोचतात. तिथून ते हळूहळू रक्तात उतरते. काम झाले की लिव्हर आणि किडनी त्याचे तुकडे करून संपवतात.

किडनी कमजोर झाली, तर इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहते. तोच डोस मग जड होतो. शुगर आपोआप उतरू लागली म्हणजे आजार बरा झाला असे समजू नका. किडनी तपासून घ्या. घाम, थरथर सुटल्यास लगेच साखरपाणी प्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.