अग्नि आवरावा कशानें?

अग्नीस इंधन व वारा दोन्ही लागतात. त्यांपैकीं एकावर ताबा असला कीं तो स्वाधीन राहतो. अमेरिकेंत घरामागील अंगणांत मांस भाजणाऱ्या गृहस्थास दोन शेगड्यांतून एक निवडतांना हेंच तत्त्व उपयोगी पडतें.

ऑरेगॉन प्रांतांत इ. स. १९८० नंतरच्या दशकांत निघालेली ‘पेलेट’ शेगडी इंधन आवरते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या विजेवर फिरणारें मळसूत्र बेताबेतानें आगींत लोटतें. म्हणून रात्रभर मंद आंच हवी असल्यास हीच बरी. मात्र वीज गेली कीं ती थंडावते, आणि भिजलेल्या कांड्यांचा पुनः भुसा होतो.

जपानी कामाडो चुलीवरून घेतलेली मातीची शेगडी एड फिशर यांनीं इ. स. १९७४ मध्यें अटलांटा येथें विकावयास आरंभ केला. ही वारा आवरते. खालचें व वरचें द्वार कमीअधिक उघडून कोळसा फुलवावा किंवा दाबावा. जाड भिंती उष्णता धरून ठेवितात. प्रखर भाजणीस ही उत्तम; पण एकदां अति तापली तर लवकर निवत नाहीं, व आपटल्यास तडकते.

सारांश, पहिलीवर यंत्र लक्ष ठेवितें, दुसरीवर आपण. ज्यास लक्ष देण्यास सवड नाहीं त्यानें पहिली घ्यावी. परंतु कोणतीही असो, ती उघड्या हवेंतच पेटवावी. बंद खोलींत तिचा गंधहीन विषारी वायु प्राण घेतो.